नवा गायक, जुना बँड: 'फ्लाय फ्रॉम हिअर'च्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी कशा ऐकायच्या?

काळी_एक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

'येस' या ब्रिटिश प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक) बँडचा 'फ्लाय फ्रॉम हिअर' (२०११) हा पुनरागमनाचा अल्बम. त्याआधीचा 'मॅग्निफिकेशन' २००१ चा, म्हणजे मधली दहा वर्षं स्टुडिओतून नवं काहीच नाही. २००८ मध्ये मूळ गायक जॉन अँडरसन श्वसनाच्या त्रासाने गंभीर आजारी पडले आणि दौरा रद्द झाला. 'येस'चीच गाणी वाजवणाऱ्या एका कॅनेडियन ट्रिब्यूट बँडचा गायक बेन्वा डेव्हिड बासवादक ख्रिस स्क्वायरना यूट्यूबवर दिसला आणि तो बँडमध्ये आला. पुढे २०१८ मध्ये या अल्बमचे निर्माते ट्रेव्हर हॉर्न यांनी मुख्य आवाज स्वतःच्या गळ्यातून नव्याने भरला आणि 'रिटर्न ट्रिप' नावाने तोच अल्बम पुन्हा काढला. गाणी तीच, वादक तेच, गळे दोन. अशी सोय फार कमी बँडच्या बाबतीत मिळते.

येत्या रविवारी कोथरूडात आम्ही काही जण दोन्ही आवृत्त्या एकत्र बसून ऐकणार आहोत. दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, तुलना प्रामाणिक व्हावी म्हणून काय तयारी करावी?

दोन, नवा गायक घेतलेला पुनरागमनाचा अल्बम कशावर तरतो? माझं मत सांगतो. नवा आवाज जुन्यासारखा आहे का, यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात. खरा निकाल लागतो तो गाणं कोणाच्या गळ्यासाठी बांधलं होतं यावर. आता 'फ्लाय फ्रॉम हिअर'चंच बघा. १९८० मध्ये अँडरसन आणि कीबोर्डवादक रिक वेकमन बाहेर पडले, त्यांच्या जागी हॉर्न आणि जेफ डाउन्स आत आले आणि 'ड्रामा' हा अल्बम झाला. हे गाणं त्या दोघांचं, त्या काळातलं. त्याच दौऱ्यात ते मंचावर वाजत होतं. तीस वर्षांनी त्याची सुमारे २४ मिनिटांची मालिका झाली आणि ती गायला दिली कोणाला, तर अँडरसनची जुनी गाणी पेलतात म्हणून निवडलेल्या गायकाला! गाणं एका गळ्याचं आणि गायक निवडला दुसऱ्याच गळ्याच्या मापाने.

निळा_मेलोट्रॉन

उत्तम धागा. तयारीचं सांगतो.

सगळ्यात आधी आवाजाची पातळी जुळवा. अर्ध्या डेसिबलने मोठं वाजणारं रेकॉर्डिंगही आपल्याला 'जास्त मोकळं', 'जास्त जिवंत' वाटतं आणि श्रेय जातं गायकाला. फूबार या संगणकावरच्या प्लेअरमध्ये दोन्ही अल्बमच्या फाइल घेऊन रिप्लेगेन (आवाजाची पातळी मोजून सारखी करणारी सोय) स्कॅन करा आणि वाजवताना 'ट्रॅक गेन' लावा. 'अल्बम गेन' इथे नको, कारण दोन्ही आवृत्त्यांत गाण्यांची लांबी आणि संख्या सारखी नाही. 'रिटर्न ट्रिप'मध्ये गिटारवादक स्टीव्ह हाउनी गायलेलं एक जास्तीचं गाणं आहे, 'अवर ऑफ नीड'ही लांबवलेलं आहे. त्यामुळे अख्ख्या अल्बमची सरासरी बदलते.

सीडीवरून फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल) करून घेतलेल्या फाइल सर्वांत बऱ्या. स्ट्रीमिंगवरूनच ऐकणार असाल तर अ‍ॅपचं नॉर्मलायझेशन दोन्ही वेळी एकाच स्थितीत ठेवा आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात विरवणं) बंद करा. मालिकेचे भाग एकमेकांत शिरतात, मध्ये अर्ध्या सेकंदाची फट पडली की रसभंग होतो. काही ब्लूटूथ स्पीकर अशी फट हमखास पाडतात, तेव्हा वायर वापरा.

दोन्ही स्पीकर आणि मधली खुर्ची असा समभुज त्रिकोण करा, बाजू साधारण दोन मीटर. स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान फूटभर पुढे घ्या, नाहीतर बास फुगतो आणि स्क्वायरचं वादन सगळं झाकून टाकतं. ऐकणारे सहा-सात असतील तर ती खुर्ची दर गाण्याला दुसऱ्याला द्या. बाजूला बसलेल्याला मुख्य आवाज मध्यातून नाही, जवळच्या स्पीकरमधून येतो असं वाटतं.

पर्वतीपायथा

पंखा बंद ठेवा. आणि रविवार धरलात ते बरं केलंत, गुरुवार असता तर वीज आणि पाणी दोन्हींचा भरवसा नाही :)

निळा_मेलोट्रॉन

@पर्वतीपायथा, विजेचं गमतीत घेऊ नका. साध्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प चालला की ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो आणि शांत जागांमध्ये ते स्पष्ट ऐकू येतं. प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर नसेल तर वीज येईपर्यंत थांबलेलं बरं.

सिंथवाली

मूळ कल्पना छान आहे, पण 'गाणी तीच, वादक तेच, गळे दोन' इतकं सरळ नाही ते. २०१८ मध्ये हॉर्ननी फक्त आवाज बदलला नाही, अख्खा अल्बम पुन्हा मिक्स केला. म्हणजे तुमच्या प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलतायत. गळ्याचा परिणाम कुठला आणि मिक्सिंगचा कुठला, हे वेगळं कसं काढणार?

यावर उपाय त्याच अल्बममध्ये आहे. 'ओव्हर्चर' हा मालिकेचा पहिला भाग केवळ वाद्यांचा आणि 'सॉलिटेअर' हा हाउंचा एकट्या गिटारचा तुकडा. दोन्हींत गायन नाही. आधी हे दोन तुकडे दोन्ही आवृत्त्यांतून ऐका. गिटारची धार, रिव्हर्बची लांबी, ड्रम्स किती मागे आहेत, यातला जो फरक इथे ऐकू येईल तो मिक्सिंग-मास्टरिंगचा. तो कागदावर लिहून ठेवा. मग गाण्यांकडे वळा आणि ऐकताना तेवढा फरक मनातून वजा करा. ही पायरी गाळलीत तर दिवसभर मिक्सिंगवरच बोलाल आणि वाटेल की गायकावर बोलतोय.

काळी_एक

@सिंथवाली, हे फारच मोलाचं. सुरुवात या दोन तुकड्यांनीच करतो.

शिवाजीनगर_लोकल

मला हा सगळा खटाटोपच मान्य नाही. अँडरसनशिवायचा 'येस' म्हणजे उत्तम वादकांचा एक वेगळा बँड. हे मी नुसत्या प्रेमापोटी म्हणत नाही. अँडरसनचे शब्द अर्थाआधी नादासाठी निवडलेले असतात. लांब ओढता येणारे स्वर मोक्याच्या जागी येतात आणि व्यंजनं तालवाद्यासारखी पडतात. त्यामुळे आवाज हा बँडमधला पाचवा वादक होतो. हॉर्नचे शब्द गोष्ट सांगतात. विमानतळ, धावपट्टी, उड्डाण, सगळं चित्र समोर उभं राहतं. चांगलं आहे ते, पण ती वेगळी लेखनपद्धती आहे. गळा बदलल्यावर शब्दांची जातच बदलली, तर पट्टी जुळली काय नि न जुळली काय.

मुठेकाठची

@शिवाजीनगर_लोकल, शब्दांबद्दल पूर्ण सहमत. पण आपण ज्याला 'येसचा आवाज' म्हणतो तो एकट्या अँडरसनचा कधीच नव्हता. अँडरसन, स्क्वायर आणि हाउ अशा तीन गळ्यांचा मिळून तो आवाज होतो आणि त्यातला स्क्वायरचा धागा इतका ठळक आहे की मुख्य गायक बदलला तरी कान त्यालाच धरून राहतो. 'ड्रामा' ऐकताना 'हा येसच आहे' असं वाटतं ते बरंचसं यामुळे. २०११ च्या अल्बममध्ये तर एका गाण्याचा मुख्य आवाजच स्क्वायरचा आहे. स्क्वायर जून २०१५ मध्ये वारले. त्यानंतरचा 'द क्वेस्ट' (२०२१) ऐकताना मला पोकळी जाणवते ती वरच्या ओळीत नाही, तिला लगटून चालणाऱ्या दुसऱ्या ओळीत.

हे तपासून बघायचं असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टीरिओ ट्रॅक डावा-उजवा असा वेगळा करा, त्यातला एक 'इन्व्हर्ट' (लहर उलटी) करा आणि दोन्ही मोनो करून एकत्र मिसळा. बरोबर मध्यावर ठेवलेलं सगळं पुसलं जातं, म्हणजे मुख्य आवाज, बास, किक ड्रम. कडेला पसरलेली साथीची गायकी आणि मुख्य आवाजाचा रिव्हर्ब मागे उरतो. त्यात तीन गळ्यांची रचना छान उघडी पडते. एमपीथ्रीवर मात्र हे करू नका, कॉम्प्रेशनचा चिवचिवाट वर येतो. वेव्ह किंवा फ्लॅकच घ्या.

रूपक_सात

पट्टीच्या मुद्द्याला 'जेनेसिस' या बँडचा इतिहासच पुरावा आहे. १९७५ मध्ये गायक पीटर गेब्रिएल बँड सोडून गेले. बँडने वाद्यांचे ट्रॅक आधी ध्वनिमुद्रित केले आणि गायकाचा शोध चालूच राहिला. कितीतरी जणांच्या चाचण्या झाल्या. शेवटी एकाला स्टुडिओत बोलावून गायला लावलं, तर तयार ट्रॅकची पट्टी त्याच्या गळ्याच्या बाहेरची निघाली आणि तो बेत तिथेच संपला. मग ड्रमर फिल कॉलिन्स गायले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये 'अ ट्रिक ऑफ द टेल' आला. म्हणजे एका माणसाची संधी केवळ पट्टीपायी गेली.

पण कॉलिन्सना 'नवा गायक' म्हणताना थोडं थांबावं लागतं. १९७१ पासून ते गेब्रिएलच्या मागे साथीला गात होते आणि 'अ ट्रिक ऑफ द टेल'आधीच्या अल्बमांवर दोन गाणी त्यांनी एकट्याने म्हटली होती. श्रोत्यांच्या कानाला तो गळा ओळखीचा होता. फक्त मागून पुढे आला.

मंचावर आणखी एक अडचण होती: गाणार तेच आणि ड्रम वाजवणारही तेच. १९७६ च्या दौऱ्यात म्हणून बिल ब्रुफर्डना ड्रम्सवर बसवलं, पुढच्या वर्षापासून चेस्टर थॉम्पसन. त्या अल्बमचं पहिलंच गाणं सात मात्रांचं आहे. आपल्याकडचे रसिक ते ऐकताना लगेच रूपक धरतात आणि गडबडतात, कारण रूपकाची सम 'खाली'च्या, म्हणजे बिनटाळीच्या, मात्रेवर असते आणि इथे पहिल्या मात्रेवर दणका आहे. हाताने खाली दाखवूच नका, नुसते सात मोजा.

बंडगार्डनर

@काळी_एक, तुमचा सिद्धांत 'मॅरिलियन'पाशी अडतो. त्या बँडचे गायक फिश १९८८ मध्ये बँड सोडून गेले. 'सीझन्स एंड'चं (१९८९) बरंचसं संगीत तोवर तयार होतं, त्यांच्याच आवाजातले डेमोही झाले होते. मतभेद झाले आणि फिश शब्द घेऊन गेले, संगीत बँडकडे राहिलं. त्यावर स्टीव्ह होगार्थ आले, नवे शब्द जॉन हेल्मर आणि होगार्थ यांनी लिहिले. म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यासाठी बांधलेलं संगीत, तरी अल्बम उत्तम. मग?

काळी_एक

@बंडगार्डनर, यात मला माझ्याच मुद्द्याला आधार दिसतो. संगीत तयार होतं, पण गाण्याची ओळ आणि शब्द नव्याने बांधले गेले, तेही होगार्थच्या गळ्यावर. कॉर्डचा पाया तोच ठेवून चाल वेगळी काढता येते. शिवाय त्यातलं 'ईस्टर' होगार्थनी स्वतःबरोबर आणलेलं गाणं. उलट उदाहरण 'जेनेसिस'चंच १९९७ चं: 'कॉलिंग ऑल स्टेशन्स'. नवा गायक रे विल्सनचा आवाज खालचा, जाडसर, भारदस्त. पण बहुतेक गाणी बँडचे जुने सदस्य टोनी बँक्स आणि माइक रदरफर्ड यांची, गायकाचा वाटा थोडा. अमेरिकेचा दौरा रद्द करावा लागला आणि त्या गायकाबरोबर दुसरा अल्बम झाला नाही.

बंडगार्डनर

ओळ नव्याने बांधली हे मान्य. पण मग तुमचं वाक्य 'गाणं कोणाच्या गळ्यासाठी बांधलं' असं नको. 'गाण्याची ओळ बांधताना नवा गायक खोलीत होता का' असं हवं.

काळी_एक

हे जास्त नेमकं आहे. घेतलं.

ढोलताशा_ते_ड्रमकिट

थोडं अवांतर, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. आमच्या बँडमध्ये नवा गायक आला आहे. जुन्या गायकापेक्षा त्याचा गळा खालचा आहे. बारा तारांची गिटार, हॅमंड ऑर्गन, मेलोट्रॉनचे (टेपवरचे सूर वाजवणारा जुना कीबोर्ड) सॅम्पल, सगळं असलेली गाणी आहेत. पट्टी खाली आणायची तर कुठून सुरुवात करावी?

सिंथवाली

अवांतर कसलं, हाच मूळ विषय.

पहिली पायरी: गळा तापल्यावर त्याचा वरचा सुखाचा सूर शोधा. एकदा कसाबसा लागलेला नाही. पूर्ण आवाजात सात-आठ वेळा लागोपाठ लावूनही घसा ताणत नाही, असा सूर.

दुसरी: गाण्यातला सर्वांत वरचा सूर बघू नका, ओळी बहुतेक वेळ कुठे वावरतात ते बघा. एखादा उंच सूर फॉल्सेटोत (बारीक, कृत्रिम आवाजात) निभावून नेता येतो. पण पूर्ण अंतरा पांढरी चार-पाचच्या आसपास टांगलेला असेल तर पुरुष गायक तिसऱ्या गाण्यापर्यंत थकतो, कारण आवाजाचा सांधा बहुतेकांचा तिथेच असतो.

तिसरी: या दोन्हींतला फरक सेमिटोनमध्ये (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर) मोजा. एक-दोन सेमिटोन असेल तर गिटारी खाली लावा. दोन सेमिटोन खाली गेल्यावर दहा नंबरच्या तारा लुळ्या पडतात, अकराचा जाड संच लावा आणि इंटोनेशन (प्रत्येक पडद्यावर सूर अचूक लागणं) पुन्हा जुळवून घ्या. तरंगता ब्रिज असेल तर स्प्रिंगही बघावे लागतील. तीन सेमिटोनच्या पुढे मात्र बोटांची ठेवणच बदलावी लागते आणि मोकळ्या तारांवर बांधलेले रिफ तिथे मरतात.

बारा तारांचं सोपं आहे. ती एक स्वर खाली लावून दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावण्याची रीत जुनीच आहे, मानेवरचा ताणही कमी होतो. दोन सेमिटोन खाली यायचं तर कॅपो काढला की झालं.

कीबोर्डचं ट्रान्सपोज बटण दाबण्याआधी थांबा. कीबोर्ड दोन आवाजांत विभागलेला (स्प्लिट) असेल तर त्या विभागणीची जागा काही मॉडेलमध्ये सरकते आणि पॅडवर लावलेले ड्रमचे सॅम्पल भलतेच वाजायला लागतात. मेलोट्रॉनला पट्ट्या पस्तीसच आणि टेप आठ सेकंदांची. सॅम्पल मूळ यंत्राला इमानी असतील तर खाली आणलेल्या कॉर्डमधला तळाचा सूर यंत्रात नसतोच, तो गुपचूप गळतो. तो सूर बास पेडलला किंवा बास गिटारला द्या.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्खं गाणं खाली ओढणं. प्रोगच्या गाण्यांत कडवं खाली आणि शेवट सप्तकभर वर, असं फार असतं. शेवट सुखाचा करायला गेलात की कडवं पुटपुटल्यासारखं होतं. त्यापेक्षा पट्टी एकच सेमिटोन उतरवा आणि शेवटच्या ओळीचा वरचा सूर साथीच्या गायकाला द्या.

ढोलताशा_ते_ड्रमकिट

मनापासून आभार. बारा तारांचं लक्षातच आलं नव्हतं.

तबकडीवाला

कोणी एलपी आणणार आहे का? तर दोन शब्द.

सुमारे २४ मिनिटांची मालिका एका बाजूवर बसवली की खाचा दाटीने कापाव्या लागतात, त्यामुळे पातळी खाली येते आणि खरखर तुलनेने वर. एका बाजूला अठरा ते बावीस मिनिटं असली की काम आरामात होतं. त्यातून तबकडीच्या आतल्या भागात आणखी एक त्रास. कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, लेबलापाशी तोच वेग २१ च्या आसपास येतो. 'स', 'श' अशा अक्षरांची धार तिथेच फाटते. त्यामुळे मालिकेच्या शेवटच्या भागात गायक चिरका वाटला तर गळ्याला दोष देण्याआधी कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) तपासा. अलाइनमेंट प्रोट्रॅक्टरवर (सुईचा कोन तपासायचं मोजपट्टीसारखं साधन) ६६ आणि १२०.९ मिलिमीटर या दोन्ही बिंदूंवर सुई सरळ बसायला हवी. वजन कंपनीने दिलेलं ठेवा, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई असेल तर दोन ग्रॅम. तबकडी जपायची म्हणून वजन कमी ठेवतात, त्याने सुई खाचेत उडते आणि तबकडी उलट जास्त खराब होते.

मुठेकाठची

@तबकडीवाला, जुन्या बाजारातून आणलेल्या एलपींवर पावसाळ्यात पांढरी बुरशी येते. काय करावं?

तबकडीवाला

कोरड्या फडक्याने पुसू नका, बुरशी खाचेत आणखी दाबली जाते. डिस्टिल्ड पाण्यात दहा-वीस टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या साबणाचे नव्हे, फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी नीट पसरवणारं द्रव्य) दोन थेंब. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उभी वाळवा. जुनं कागदी आतलं पाकीट फेकून द्या, बुरशी त्यातच असते. लाखेच्या ७८ च्या तबकड्यांना अल्कोहोल कधीही लावू नका, लाख विरघळते. आणि जून ते सप्टेंबर तबकड्या बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका.

डेक्कन_दुपार

पुन्हा नव्या गायकांकडे. इटलीचा 'बँको देल मुतुओ सोक्कोर्सो' कोणी ऐकला नाही का? त्यांचे गायक फ्रांचेस्को दि जाकोमो २०१४ मध्ये अपघातात गेले. तो ऑपेराच्या जवळ जाणारा गळा, त्याची नक्कल करणारा शोधूनही मिळाला नसता. बँडचे कीबोर्डवादक व्हित्तोरिओ नोचेंझींनी तो नाद सोडला, तोनी द'अलेस्सिओ हा रॉकच्या अंगाचा गायक घेतला आणि 'ट्रान्सिबेरियाना' २०१९ मध्ये आला. नव्या गाण्यांचा त्याआधीचा अल्बम १९९४ चा होता.

'कॅन्सस'चंही बघा. गायक स्टीव्ह वॉल्श २०१४ मध्ये निवृत्त झाले, रॉनी प्लॅट आले आणि २०१६ मध्ये 'द प्रिल्यूड इम्प्लिसिट' सोळा वर्षांनी नवा अल्बम. तिथे व्हायोलिन हीच बँडची ओळख असल्यामुळे गायक बदलल्याचा धक्का कमी बसतो, असं माझं मत.

शिवाजीनगर_लोकल

'बँको'चं उदाहरण पटलं. नक्कल सोडली म्हणून जमलं. 'येस'ने २००८ मध्ये नक्कलच शोधली होती, हे माझं दुखणं आहे.

रूपक_सात

@शिवाजीनगर_लोकल, तुमच्या दुखण्यावर 'किंग क्रिम्सन' लागू पडेल. १९७४ मध्ये बंद पडलेला बँड १९८१ मध्ये 'डिसिप्लिन' घेऊन परतला. नवा गायक एड्रियन बिल्यू, आणि तोच दुसरा गिटारवादक. गाणारा आणि रॉबर्ट फ्रिपच्या गिटारला गिटार भिडवणारा माणूस एकच असल्यामुळे गायनाची ओळ गिटारच्या आकृत्यांच्या आतून निघते. @बंडगार्डनर म्हणाले तो 'खोलीत होता का' हा निकष इथे शंभर टक्के लागतो. जुन्या क्रिम्सनसारखं त्यात जवळपास काहीच नाही आणि कोणी तक्रारही करत नाही.

काळी_एक

सगळ्यांच्या सूचना धरून रविवारचा क्रम असा ठरवतोय. आधी दोन्ही 'ओव्हर्चर', मग दोन्ही 'सॉलिटेअर', कागदावर फक्त मिक्सिंगचा फरक. त्यानंतर २०११ ची मालिका सलग, मध्ये बोलायचं नाही. पंधरा मिनिटं विश्रांती, कान थकतात. मग २०१८ ची मालिका. प्रत्येकाने तीन गोष्टी लिहायच्या: ओळी कुठल्या सुरांत वावरतात, आवाज कुठे फॉल्सेटोत जातो, आणि स्क्वायरची साथ मुख्य आवाजाच्या वर कुठे चढते. मतं सगळं ऐकून झाल्यावर. ऑडॅसिटीतला वजाबाकीचा प्रकार शेवटी.

सूर लगेच ओळखायला पेटी लागेल. कोणाकडे आहे?

मुठेकाठची

माझ्याकडे आहे, घेऊन येते. पण जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या (प्रमाण सुराच्या) थोड्या वर-खाली लावलेल्या असतात, आधी ट्यूनरवर काळी एक तपासून घेते. फरक जास्त निघाला तर पेटी राहू दे, कीबोर्ड वापरू. आणि क्रमात एक बदल सुचवते. निम्म्या लोकांनी २०१८ ची मालिका आधी ऐकावी, दुसऱ्या खोलीत हेडफोनवर चालेल. दुसऱ्यांदा ऐकताना चाल ओळखीची झालेली असते, त्यामुळे दुसरा गायक सगळ्यांनाच बरा वाटतो.

काळी_एक

चालेल. हेडफोनचा स्प्लिटर माझ्याकडे आहे, चार जणांचा.